अकरा की पंचेचाळीस

रविवारी दुपारचे तीन वाजले की नागपूरच्या इंदोरा वस्तीतल्या नागसेन रामटेकेच्या पुढच्या खोलीत तीन खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडल्या जायच्या. नव्या माणसाला वाटावं, मास्तरांनी म्हाताऱ्यांना शिक्षा केली आहे. प्रत्येकाच्या मांडीवर एक पाटी, हातात खडूचा तुकडा आणि पाठीमागे टेबलावर दोन अँप्लिफायर. पडदे ओढलेले असायचे, त्यामुळे अँप्लिफायरचाच उजेड भिंतीवर पडायचा आणि तिथे तीन मोठ्या सावल्या बसलेल्या दिसायच्या. गल्लीतल्या बायकांनी नागसेनच्या बायकोला, जयाला, कितीदा तरी विचारलं होतं की तुझ्या घरी दर रविवारी कसली परीक्षा असते. जया म्हणायची, "व्हॉल्व्हची." त्यावर पुढे कोणी काही विचारत नसे.

परीक्षा खरोखरच व्हॉल्व्हची होती, आणि तेही रेडिओ केंद्राच्या व्हॉल्व्हची. केंद्राचा आवाज दूरदूरच्या खेड्यांपर्यंत फेकायला जे दणकट काचेचे व्हॉल्व्ह लागत, त्यातले दोन प्रकार या मंडळींनी घरच्या गाण्याला जुंपले होते. एकाचा नंबर दोनशे अकरा, दुसऱ्याचा आठशे पंचेचाळीस. लाडाची नावं अकरा आणि पंचेचाळीस. दुधाच्या बाटलीएवढा एकेक व्हॉल्व्ह, पोटात पिवळट दिवा आणि अंगात हजार व्होल्ट. साधारण अँप्लिफायरमध्ये दोन व्हॉल्व्ह मिळून आवाजाची लाट उचलतात, एक वर ओढतो आणि दुसरा खाली. नागसेनच्या अँप्लिफायरमध्ये मात्र अख्खी लाट एकटा व्हॉल्व्ह उचलायचा. आवाज त्यामुळे बेताचा निघे, पण जो निघे त्याला कुठे सांधा नसतो, असं नागसेनचं म्हणणं होतं. आणि या बाबतीत नागसेनशी वाद घालण्याची कोणाची टाप नव्हती.

दोन्ही अँप्लिफायर त्यानेच बांधलेले, स्क्रूपासून तारेपर्यंत सारखे. फरक एवढाच की एकात अकरा आणि दुसऱ्यात पंचेचाळीस. रेकॉर्ड एकच, स्पीकरचा भोंगाही एकच. मध्ये एक खटका, आणि तो जितेंद्रच्या हातात. जितेंद्रचं सीताबर्डीत रेडिओ दुरुस्तीचं खोपटाएवढं दुकान होतं, आणि माणूस इतका सरळ की खटका फिरवताना त्याचा चेहरासुद्धा काही सांगत नसे. बाकीचे भिंतीकडे तोंड करून बसायचे ते खटका कुठे गेला हे दिसू नये म्हणून. ऐकायचं, कोणता व्हॉल्व्ह ते पाटीवर लिहायचं आणि सहा फेऱ्या झाल्या की पाट्या वाचून चांगला कोणता यावर भांडायचं. अकरा चांगला की पंचेचाळीस, हा वाद गेली सहा वर्षं चालू होता. तो मिटावा अशी कोणाची फारशी इच्छाही दिसत नव्हती.

ओळखण्यात मात्र नागसेनचा हात धरणारा कोणी नव्हता. गावाबाहेरच्या प्रक्षेपण केंद्रात त्याची एकतीस वर्षं गेली. तिथल्या घरघराटात उभा राहून कोणता व्हॉल्व्ह महिन्याभरात मान टाकणार हे तो सांगायचा, आणि तो व्हॉल्व्ह आज्ञाधारकपणे मान टाकायचा. निवृत्त झाल्यावर माणसाची खुर्ची जाते, शिक्का जातो, सलाम करणारा शिपाई जातो. नागसेनचे कान तेवढे त्याच्याकडे राहिले होते. दर रविवारी सहापैकी सहा. कधी चुकून पाच. मग जितेंद्र मांडीवर थाप मारून म्हणायचा, "नागसेनभाऊचे कान म्हंजे कान!" आणि जया चहाचे कप ठेवून चटकन आत निघून जायची, कारण त्या वेळी तिचा चेहरा तापलेला असायचा.

कारण ते कान जयाचे होते.

नागसेनला वरचे सूर ऐकू येईनासे होऊन दीड वर्ष झालं होतं. केंद्रातल्या पंख्यांचा तो घरघराट एकतीस वर्षं कानात साठला आणि शेवटी त्याने आपली वसुली केली. जयाला ते पहिल्यांदा कळलं दारावरच्या घंटीमुळे. चिमणीसारखी चिवचिवणारी घंटी होती. एके दिवशी नागसेन म्हणाला, घंटी बिघडली. त्याने ती काढली, उघडली, साफ केली, परत लावली. पुढच्या आठवड्यात पुन्हा काढली. तिसऱ्या वेळी त्याने नवीन घंटी आणली आणि चार दिवसांनी तिलाही नावं ठेवायला लागला. दारातला माणूस घंटी दाबतोय, ती छान चिवचिवतेय, जया स्वयंपाकघरातून हात पुसत दार उघडायला येतेय, आणि हा समोर बसून म्हणतोय, आजकालच्या मालात दमच नाही. जयाला आधी हसू आलं. मग तिने कढई उतरवली आणि ती बराच वेळ ओट्याशी नुसती उभी राहिली.

तिने त्याला काही म्हटलं नाही. रागावून दोन शब्द बोलता येतात, पण हे कसं बोलायचं ते तिला समजेना.

आणि मग पावसाळ्यातला तो रविवार आला. त्या खुर्च्यांच्या समोर, भिंतीला लागून, जयाची बाज असायची. हातात काहीतरी निवडायचं असायचंच, कधी गहू, कधी लसूण, कधी मेथी. ऐकणारे भिंतीकडे तोंड करून बसत, म्हणजे खरं तर जयाकडे तोंड करून बसत, पण तिला कोणी मोजत नसे. त्या दिवशी जितेंद्रने खटका फिरवला आणि पंचेचाळीस वाजायला लागला. पंचेचाळीसचा आवाज आला की जयाचे हात आपोआप थांबायचे. मेथीची काडी हातातच राहायची. तिने मान वर केली तेव्हा नागसेन तिच्या हातांकडे बघत होता. त्याने पाटीवर लिहिलं. पुढच्या फेरीत अकरा वाजला, तिचे हात चालू राहिले आणि त्याने पुन्हा लिहिलं. त्या दिवशी सहाच्या सहा बरोबर आले.

तेव्हापासून हे चालू होतं. दोघं यावर एक अक्षर बोलली नव्हती. पंचेचाळीस लागला की जया हात थांबवी, अकरा लागला की चालू ठेवी, आता मुद्दाम. तो आपल्या हातांकडे बघून लिहितो हे तिला माहीत होतं. तिने जाणून केलंय हे त्याला माहीत आहे का, ते मात्र तिला माहीत नव्हतं. चौतीस वर्षांचा संसार, एक मुलगा पुण्यात, दोन खोल्या बांधून झालेल्या, आणि दोघांमध्ये असा एक मुका कारभार.

तिला त्याची कीव यायची का? नाही. तिला त्याची माया यायची, आणि खोटं कशाला बोला, रागही यायचा. तिचे कान काही कमी नव्हते. टेलिफोन खात्यात ती ट्रंक ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, आणि दिवसभर माणसांचे आवाज एकमेकांना जोडायचे. लाइन चंद्रपूरची आहे की बालाघाटची, हे ती माणूस बोलण्याआधी, नुसत्या तारेच्या श्वासावरून सांगायची. पण आवाज जोडणाऱ्या बाईला काय ऐकू येतं, हे आजवर तिला कोणी विचारलं नव्हतं. नागसेननेही नाही. तो तिला व्हॉल्व्हबद्दल खूप काही सांगायचा. विचारायचा मात्र एकच, "चाय झाली का?"

जानेवारीतल्या त्या रविवारी वामनराव कापडी पिशवीभर तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन आले. वामनराव सत्तरीचे, काटोलकडे त्यांची शेती. मुलगा शेती बघायचा आणि तालुक्याला राहायचा. बायको रुखमाबाई गेल्यापासून शेतावरच्या घरात वामनराव एकटेच असत. दर रविवारी एसटीने नागपूरला यायचं, ऐकायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचं, हा त्यांचा नेम होता.

"आज फैसला करूनच जातो गा नागसेन," पिशवी जयाच्या हातात देत ते म्हणाले. "माह्या घरचा अँप बांधायले घेतला. ट्रान्सफार्मर आला, डबा आला. आता कोनता व्हॉल्व्ह बसवू तेवढं सांग. मी तं तुह्या कानावर सोडलं सारं."

"ऐकू ना," नागसेन म्हणाला. "ऐकल्याशिवाय कसं सांगता येईन?"

जितेंद्र खुर्च्या मांडत होता. मधल्या खुर्चीशी येऊन तो थांबला. ती मनोहररावांची खुर्ची, आणि मनोहरराव गेल्याच आठवड्यात अमरावतीला मुलीकडे राहायला गेले होते.

"आता हो?" जितेंद्र म्हणाला. "फैसला करायचा तं तीन जन पायजे. दोघंच असले की बरोबरी होते." त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर बाजेवर गेली. "वहिनी, तुमीच बसा ना!"

जयाच्या मांडीवर निवडायला घेतलेल्या शेंगांचं सूप होतं. सहा वर्षं ती या एका वाक्याची वाट बघत होती, आणि ते आता नको त्या वेळी आलं. ती खुर्चीत बसली तर बाजेवर कोण बसणार? नागसेन कोणाच्या हातांकडे बघणार?

"मले काय समजते त्यातलं," ती घाईने म्हणाली. "गॅसवर चाय ठेवली आहे."

"बसा ना वं जयाबाई," वामनराव म्हणाले. "चाय कुठं पळून चालली?"

तिने नागसेनकडे पाहिलं. तो खाली, जमिनीकडे बघत होता. त्याला काहीतरी निमित्त सांगता आलं असतं. आज राहू द्या, डोकं दुखतंय, व्हॉल्व्ह गरम झाला नाही, काहीही. तेवढं बोलायला त्याने तोंड उघडलंही. मग तो उठला, आत गेला आणि गॅस बंद करून आला.

"बस वं जया," तो म्हणाला. "तुले येते."

दोनच शब्द. तुले येते. म्हणजे त्याला माहीत होतं, सगळंच. ती उठली, सूप बाजेवर ठेवलं आणि मनोहररावांच्या खुर्चीत जाऊन बसली. जितेंद्रने तिच्या मांडीवर पाटी दिली. तिच्या एका बाजूला वामनराव आणि दुसऱ्या बाजूला नागसेन. समोर भिंत, आणि भिंतीवर तीन सावल्या.

रेकॉर्ड नेहमीची होती, एका बाईचा संथ आलाप. खटका वाजला.

जयाने हा आलाप शंभर वेळा तरी ऐकला असेल, पण हात रिकामे ठेवून कधीच नाही. आयुष्यात तिने जे काही ऐकलं होतं ते काही ना काही करता करता. बोर्डावर हात चालत असताना, पोळ्या लाटताना, लसूण सोलताना. आता हात मांडीवर पडून राहिले आणि आवाज सरळ आत आला. समोरची भिंत हळूहळू मागे सरकली. मोठं सारवलेलं अंगण झालं, आणि अंगणाच्या पलीकडच्या टोकाला ती गाणारी बाई उभी होती. तिच्या आणि जयाच्या मधली हवासुद्धा ऐकू येत होती. गाणं थांबलं तरी हवा थोडा वेळ तशीच राहिली. पंचेचाळीस. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

तिने खडू उचलला, आणि तेवढ्यात तिची नजर सावल्यांवर गेली. वामनरावांच्या सावलीचा हात लिहीत होता. नागसेनच्या सावलीचा हात हलला नव्हता.

आणि जयाचं डोकं भराभर चालायला लागलं. आपली पाटी सगळी बरोबर आली आणि त्याची चुकली, तर या खोलीत काय होईल? जितेंद्र हसेल, मनात काही न आणता हसेल, आणि सीताबर्डीत गोष्ट सांगेल की भाऊंना वहिनींनी हरवलं. मग कोणीतरी म्हणेल की भाऊंचे कान गेले. नागसेनकडे राहिलेली तेवढी एक गोष्टही जाईल, आणि ती त्याच्या बायकोच्याच हाताने. त्यापेक्षा आपलीही पाटी चुकलेली बरी. दोघांच्या पाट्या चुकल्या तर म्हणतील, आज खटकाच बिघडला असेल. तिने पाटीवर लिहिलं, "अकरा".

दुसऱ्या फेरीत ती बाई अंगण ओलांडून आली आणि जयाच्या शेजारी बसली. इतकी जवळ, की सूर लावण्याआधी ओठ सुटल्याचा बारीक आवाज आला. हा अकरा. जयाने लिहिलं, "पंचेचाळीस". तिसऱ्यांदाही ती तिथेच बसून होती, जरा मान कलती करून, घरातलंच कोणी असल्यासारखी. जयाने पुन्हा उलटं लिहिलं. खडू पाटीवर कर्र वाजला आणि तिला स्वतःचाच राग आला. जन्मात पहिल्यांदा कोणी ऐकायला बसवलं होतं, आणि ती स्वतःच्या हाताने ते पुसून टाकत होती.

चौथ्या फेरीत तिला केंद्र दिसलं. लग्नानंतर महिन्याभरात नागसेन तिला साहेबांची परवानगी काढून तिथे घेऊन गेला होता. घराएवढ्या कपाटांच्या रांगा, काचेमागे उजळलेले व्हॉल्व्ह, आणि एका कोपऱ्यात ट्रान्सफॉर्मरचं एक लोखंडी धूड. तिथे एकही भोंगा चालू नव्हता. "कान लाव," नागसेन म्हणाला. ती घाबरत घाबरत जवळ गेली, आणि त्या लोखंडातून गाणं येत होतं. अगदी हलकं, भिंतीपलीकडे कोणी गात असावं तसं. आवाजाचा जोर लोखंडाच्या पत्र्यांना थरथरवतो आणि पत्रे गायला लागतात, असं त्याने समजावून सांगितलं. तिने समजल्यासारखी मान हलवली, पण तिला समजलं ते वेगळंच होतं. हा माणूस दिवसभर गाणाऱ्या लोखंडाशेजारी राहतो, तर याच्याबरोबर आपलं चांगलं जमेल, असं तिला त्या दिवशी वाटलं होतं. पंचेचाळीसच्या मोठ्या हवेत ते धूड आताही दूर कुठेतरी गुणगुणत होतं. तिला डोळे उघडावेसे वाटेनात. डोळे न उघडताच तिने लिहिलं, "अकरा".

पाचव्या फेरीत तिच्या कानांवर हेडफोन चढला, समोर बोर्ड आला, आणि बालाघाटची कोणीतरी बाई अगदी कानाशी विचारत होती, लागला का हो, लागला का नंबर? हा अकरा, म्हणजे पाटीवर पंचेचाळीस. सहाव्या फेरीत ती बाईही निघून गेली. उरलं ते अंगण, ऊन आणि लांबवर गेलेला वरचा षड्ज. तो इतका बारीक होता की ऐकू येतोय की आठवतोय ते सांगता येऊ नये. मग तोही थांबला आणि जितेंद्रने सुई उचलली.

जयाने सहावंही उलटं लिहिलं आणि पाटी छातीशी धरली.

"हं, द्या इकडे," जितेंद्र खटक्याचा कागद घेऊन पुढे आला. खुर्च्या फिरवल्या गेल्या. वामनरावांच्या पाटीवर सहापैकी चार बरोबर निघाले. त्यांनी समाधानाने मिशीवरून हात फिरवला. मग जितेंद्रने जयाची पाटी घेतली. एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा पाटीकडे, आणि त्याला हसू आवरेना.

"वहिनी! सहाच्या सहा चूक!"

"होते, होते," वामनराव म्हणाले. "पयल्यांदा बसल्या ना. माहे पयल्या रविवारी दोनच आले होते. काहून हसून राहिला बे तू?"

जया कसनुसं हसली. "म्हनलं होतं ना मी, मले समजत नाई."

ती उठून चहाकडे जाणार, तेवढ्यात नागसेन म्हणाला, "थांब." त्याने जितेंद्रच्या हातातून तिची पाटी घेतली. कागदही घेतला. दोन्ही मांडीवर शेजारी शेजारी ठेवून एकेका ओळीवर बोट ठेवत तो खाली गेला, अगदी शेवटपर्यंत. मग परत वर आला.

"जितेंद्र," तो म्हणाला, "डोळे मिटून, न ऐकता लिहिलं असतं तं किती बरोबर आले असते?"

"दोन-तीन तं येतातच भाऊ. कोनाचेई येतात."

"मंग हिचा एकही काहून नाई आला?"

जितेंद्रचं हसू थांबलं.

"सहा उलटे लिहायले आधी सहा ओळखा लागते, गा," नागसेन सावकाश म्हणाला. "एकदाही न चुकता ओळखलं हिनं. अन् एकदाही न चुकता उलटं लिहिलं."

जयाने डोळे मोठे केले, मानेने नको नको म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि आपली पाटी उलटी करून सगळ्यांना दाखवली. ती कोरी होती.

"मले ऐकू येत नाई," तो म्हणाला. "बोलनं समजते तुमचं. पन वरचं काई येत नाई. दीड वर्ष झालं. दर रविवारी मी हिच्या हाताकडे पाहून लिहीत होतो. कान हिचे अन् नाव माहं. आता झालं तेवढं बस झालं."

जितेंद्र हातातल्या फडक्याने उगाच टेबल पुसायला लागला. वामनराव गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. त्यांनाच काहीतरी झाल्यासारखा त्यांचा चेहरा उतरला होता.

जया मात्र भडकली. इतक्या दिवसांचं सगळं तिच्या तोंडाशी आलं. "कोनी विचारलं होतं तुमाले?" ती म्हणाली. "सांगायचं काय अडलं होतं? मी दीड वर्ष कोनाले कळू देलं नाई. तुमच्या तोंडातून निघालं नाई म्हनून मीही बोलली नाई. आज सहा वेळा खोटं लिहिलं ते कोनासाठी लिहिलं?" तिचा आवाज फाटला आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

"माह्यासाठी लिहिलं," नागसेन म्हणाला. "म्हनूनच सांगतो ना वं. दीड वर्ष तुहे कान वापरले, ते मी निभावून नेलं. लाज वाटे, पन निभावून नेलं. पन तू इतकं चांगलं ऐकलं अन् स्वतःच्या हातानं चूक लिहिलं, हे मले पाहवलं नाई."

त्याने बाहीने डोळे पुसले. जयाने चौतीस वर्षांत त्याला असा पाहिला नव्हता, सासू गेली तेव्हाही नाही. तिचा राग कुठे गेला ते तिलाही कळलं नाही. ती परत खुर्चीत बसली, पदराने तोंड पुसलं आणि दुसऱ्या हाताने त्याच्या मांडीवरची पाटी उचलून खाली ठेवली.

मग वामनरावांनी घसा साफ केला.

"जयाबाई," ते अडखळत म्हणाले, "मंग मी कोनता बसवू?"

जयाने वर पाहिलं. ते खरोखर विचारत होते. जितेंद्रनेही फडकं बाजूला ठेवलं होतं.

"पुन्हा लावा," ती म्हणाली. "दोन्ही लावा. एकेकदा."

जितेंद्रने सुई ठेवली. या वेळी कोणी भिंतीकडे तोंड केलं नाही. जयाने ऐकलं, आधी एक, मग दुसरा. घाई केली नाही.

"तुमच्या शेतावरच्या घरी कोनी नसते," ती शेवटी म्हणाली. "तिथं अकरा बसवा. अकरा जवळ येऊन बसते. पंचेचाळीस मोठा आहे, चांगलाई आहे, पन तो दूर उभा राहून गाते. रिकाम्या घरात तो अजून रिकामं करन." ती थांबली. "आमच्याकडे मानसं आहेत. आमाले पंचेचाळीस चालते."

वामनरावांनी मान डोलावली. "अकरा," ते स्वतःशी म्हणाले. सहा वर्षांचा वाद एका वाक्यात निकालात निघाला होता, आणि कोणाला त्याचं वाईटही वाटलं नाही.

रेकॉर्ड अजून फिरत होती. खटका पंचेचाळीसवरच होता. नागसेन टेबलाकडे बघत बसला होता, आवाज येतो तिकडे माणूस बघतो तसा. मग तो जयाकडे वळला. त्याने आधी कधीच न विचारलेला प्रश्न विचारताना त्याला लाजल्यासारखं झालं.

"काय चालू आहे आता?"

"खालच्या सुरावर आहे ती," जया म्हणाली.

"ते येते मले. भरीव येते."

"आता चढून राहिली. हळूहळू. मधात थांबली. श्वास घेतला."

"श्वास ऐकू येते?"

"हाव. बारीक. मंग वर गेली." जयाने त्याचा हात हातात घेतला आणि सूर जसा चढत होता तसा तो आपल्या गुडघ्यावरून वर उचलत नेला. एका जागी आल्यावर नागसेनने मान हलवली. तिथे त्याचं ऐकणं संपत होतं. तिने हात थांबवला नाही.

"अजून आहे?" त्याने विचारलं.

"आहे."

"अजून?"

"आहे ना. हा पाहा."

तिने त्याचा हात तसाच वर धरून ठेवला. वामनराव आणि जितेंद्र चहा मागायचं विसरून ऐकत होते.

"आता संपला," ती म्हणाली आणि हात खाली घेतला.

नागसेनने हात सोडवून घेतला नाही. "जितेंद्र," तो म्हणाला, "पुन्हा लाव गा."